राबाखालची माती

१२ जुलै
"मातीलाही भूक लागते गो." नाचणी लावताना आई म्हणाली होती. मी लहान होते. तेव्हापासून चिखलात पाय ठेवला की वाटतं, खालून कुणीतरी हळूच चाखतंय.

आज आठवलं ते राजेंद्रदादाच्या फोनमुळे. कल्याणला बसून म्हणतो, डोंगराकडची जमीन चिऱ्याच्या खाणीला देऊ. माती मेलीय तिथली, नाचणी तरी कुठे धड येते! सही माझीही लागेल.

१५ जुलै
कृषी खात्यातल्या अक्षयाताईंनी युक्ती सांगितली. सुती कापड पुरायचं. मातीतले सूक्ष्मजीव जागे असतील तर ते खाऊन टाकतात. डोंगराकडच्या त्याच जमिनीत आईच्या पातळाचे दोन तुकडे पुरले. एक बांधावरच्या ऐनाच्या झाडाखाली. दुसरा नाचणीच्या वाफ्यात – तिथे आमची जमीन कसणारी हौसाकाकी दरवर्षी पेरणीआधी फांद्या-पाला जाळून राब भाजते.

काकी बघत होती. "बाय, पातळ पेरून लुगडी उगवतील काय?"

३ ऑगस्ट
दिवसभर पाऊस. डोळे मिटले की दिसतं – काळोखात असंख्य तोंडं, मुकाट जेवणारी. आईचं पातळ त्यांच्यात वाटलं जातंय.

२१ सप्टेंबर
उकरलं. ऐनाखाली किनारीचे चार धागे उरलेत. बाकीचं गेलं – किती सुंदर नाहीसं झालं!

वाफ्यातला तुकडा अख्खा. धुतला तर वापरता येईल.

म्हणजे दादाचं खरं. अक्षयाताई म्हणाल्या, एकट्या आगीचा दोष नसेल, पण वरची माती सारखी भाजली तर जीव टिकायचे कसे? पाला जाळू नका, कुजू द्या. परततील.

२२ सप्टेंबर
दादाला दोन्ही फोटो पाठवले. ऐनाखालचा एकटाच पाठवावासा वाटत होता.

९ नोव्हेंबर
दादा आला. ऐनाखालची माती मुठीत घेऊन बराच वेळ हुंगत राहिला. मग म्हणाला, पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबतो. वाफ्यात पुन्हा कापड पुर. ते कुजलं, तर खाण नाही.

पायाखाली दिवसभर जमीन मऊ लागली.

१४ जानेवारी
हौसाकाकीने राबासाठी फांद्या तोडायला घेतल्या. तिची वर्षाची भाकरी त्याच वाफ्यातली. भाजलं नाही तर तण माजणार, ते उपटताना कंबर तिचीच मोडणार. दादाला काय, मला काय!

उद्या जाऊन सांगायचं. नाहीच म्हणेल ती. तरी म्हणेन, "काकी, यंदा भाजू नकोस. तण काढायला मी येईन, रोज."