आठ रबरी बुचं

६ जानेवारी, सोमवार

आजपासून गंगापूर रोडला दीपकशेठच्या बंगल्यावर कामाला लागलो. काम एकच, गाडी सांभाळायची. दोन वर्षं दिंडोरीत ट्रॅक्टर आणि फवारणीच्या ब्लोअरची दुरुस्ती केली. आता मला स्वतंत्र खोली मिळाली आहे, स्लॅबची, आणि तिच्या दाराला लागूनच गॅरेज आहे. खाटेवरून मान वळवली की गाडी दिसते. एवढ्या सुंदर वस्तूच्या शेजारी मी आजवर झोपलेलो नाही.

गाडी जर्मन आहे, दोन दारांची, गडद निळी. पुढे दोन सीट आणि मागे नावापुरतं बाक, त्यावर लहान पोरं कशीबशी बसतील. विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याकडून शेठनी ती जुनी घेतली, मुलासाठी. मुलाचं नाव आयुष. मी त्यांना आयुषदादा म्हणतो. पुढच्या महिन्यात त्यांचा साखरपुडा आहे.

ही डायरी शेठनीच दिली. औषध कंपनीची आहे, प्रत्येक पानाखाली द्राक्षावरच्या एका रोगाचं चित्र. आजच्या पानाखाली भुरी आहे. शेठ म्हणाले, टायरची हवा, बॅटरी, किलोमीटर, सगळं रोजच्या रोज लिहीत जा. मी आश्रमशाळेत नववीपर्यंतच शिकलो, पण गुरुजी माझी वही वर्गात फिरवायचे, कारण तिच्यात खाडाखोड नसायची.

किलोमीटर ४१,२१८. चारही चाकांत हवा ३४. बॅटरी १२.५.

९ जानेवारी, गुरुवार

गाडी इतकी खाली आहे की गतिरोधक आला की पोट घासतं. आयुषदादांनी आज मला शेजारी बसवून नेलं आणि त्र्यंबक रोडवर मी चार वेळा उतरून चाकांपुढे फळी ठेवली. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून दमले. एकाने विचारलं, नवरी न्यायला चाललेत का पालखी? दादा मोठ्याने हसले. ते मनाने मोठे आहेत. मला सोमा न म्हणता सोमाभाऊ म्हणतात.

बंगल्यावर स्वयंपाकाला सुलाबाई आहेत, देवळ्याकडच्या. मी तासभर गाडी पुसत होतो, तर ओट्यावरून म्हणाल्या, सोमा, गाडी पुसतो का म्हैस धुतो? तिला शेपूट लावून दे, माश्या तरी हाकलंल.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी दार उघडलं तर पायाखालचं कार्पेट ओलं लागलं. चारी बाजूंनी दाबून पाहिलं, सगळीकडे ओल आहे. मी गाडीवर पाणी ओतत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. पाऊस नाही, सकाळी तोंडातून वाफ निघते अशी थंडी आहे. एसीही चालवलेला नाही. वास मात्र येतो, पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांना येतो तसा.

१४ जानेवारी, मंगळवार

गाडी अंबडला बुद्धभूषण यांच्या गॅरेजला नेली. सगळे त्यांना भूषणभाऊ म्हणतात. त्यांनी काहीही खोललं नाही. फक्त शेजारच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ होता. भाऊ म्हणाले, ही एकदा आंघोळ करून आलीय भावा, आणि ती पण डोक्यावरून. व्यापाऱ्याने शेठला सांगितलं नाही वाटतं.

मग गाडी रॅम्पवर चढवली. गाडीच्या तळाला आठ भोकं असतात आणि त्यांना रबरी बुचं असतात. इथे आठही बुचं नव्हती. मी म्हणालो, ओल इथूनच येते, बुचं लावून टाका. भाऊ म्हणाले, थांब जरा, आधी पाणी येतं कुठून ते बघू, बुचं काय पळून जात नाहीत. मला धीर धरवेना. उघडं भोक पाहिलं की मला चैन पडत नाही. शेवटी भाऊ म्हणाले, तुझी गाडी, तुझा हट्ट.

१६ जानेवारी, गुरुवार

आठही बुचं बसवली. प्रत्येकाला दोनदा सीलंट लावून घेतलं आणि वरून पूर्ण तळाला गंज न लागणारं काळं कोटिंग मारून घेतलं. मी स्वतः टॉर्च धरून प्रत्येक बूच तपासलं. मुंगी आत जाणार नाही. शेठ खूश झाले. म्हणाले, असा माणूस दहा वर्षांपूर्वी भेटायला हवा होता.

किलोमीटर ४१,३०२. हवा ३४. बॅटरी १२.४.

१८ जानेवारी, शनिवार

कार्पेटवर पाणी साचलं आहे. स्टीलच्या पट्टीने मोजलं, तीन सेंटिमीटर. गढूळ. नऊ मग काढले, फडक्याने टिपलं, दिवसभर टेबल फॅन लावून ठेवला.

२१ जानेवारी, मंगळवार

रोज काढतो, रोज येतं. आज मात्र वेगळंच झालं. सीटच्या गादीवर ओली रेघ आहे. दाराच्या आतल्या बाजूलाही तीच रेघ, त्याच उंचीवर, आणि आरपार सरळ, जशी मी पट्टी ठेवून ओढतो तशी. ती दाराच्या उंबऱ्यापेक्षा वर आहे. एवढं पाणी आत असतं तर दार उघडताच माझ्या पायांवर ओतलं असतं. एक थेंब आला नाही.

सुलाबाईंना रेघ दाखवली. त्यांनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, पूर मोजायला घाटावरचा दुतोंड्या मारुती काय कमी हाय, तू गाडीत मोजायला लागला? कमरेपर्यंत आला का मला हाक मार. पण नंतर चहा द्यायला त्या गॅरेजमध्ये आल्या नाहीत. कप ओट्यावरच ठेवला.

२५ जानेवारी, शनिवार

रेघ हँडब्रेकच्या वर गेली. रोज साधारण दोन बोटं चढते. शेठना दाखवली. ते म्हणाले, तुझ्या ओल्या फडक्याचे डाग आहेत, फडकं पिळून घेत जा.

बाहेरून पाणी यायला जागाच नाही. सगळ्या जागा मी बंद केल्या आहेत.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी साडेआठ. चांगलं ऊन होतं. काच पुसायला वाकलो आणि आत पाहिलं. कागदी रुमालांचा डबा स्टिअरिंगच्या उंचीवर होता. कशावर ठेवलेला नव्हता. हळूहळू वळत होता, पाण्यावर वळतो तसा.

दार उघडलं. डबा खाली कार्पेटवर पडलेला. आतले रुमाल लगदा झालेले.

दार लावलं. पुन्हा काचेतून पाहिलं. डबा वर.

पाच वेळा करून पाहिलं. दार उघडं असलं की पाणी नसतं. बंद असलं की असतं.

३० जानेवारी, गुरुवार

आयुषदादांना बोलावून काचेतून बघायला सांगितलं. त्यांनी कपाळाला तळवे लावून पाहिलं. म्हणाले, सोमाभाऊ, सीट दिसतायत, स्टिअरिंग दिसतंय, अजून काय बघू? मला तेव्हाही डबा दिसत होता. त्यांच्या नाकासमोर.

दादा आणि त्यांची होणारी बायको, पायलताई, ९ तारखेला ही गाडी घेऊन दिंडोरीच्या मळ्यात जाणार आहेत. प्री-वेडिंगचे फोटो काढायला. गाडीत दोघंच. दारं बंद करूनच बसणार.

३ फेब्रुवारी, सोमवार

डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत जुनं सर्व्हिसचं बिल सापडलं. मागे पेनाने नाव आणि नंबर, गोटीराम, ड्रायव्हर. विंचूरच्या व्यापाऱ्याची गाडी हेच चालवायचे. फोन लावला. मी गाडीचा रंग सांगितल्यावर त्यांनी गाडीचा नंबर विचारला. मग म्हणाले, फोनवर नाय, इकडं ये.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एसटीने विंचूरला गेलो. गोटीराम आता कांद्याच्या खळ्यावर मुकादम आहेत. साठीच्या पुढचे. मला गोण्यांवर बसवलं आणि आधी एकच गोष्ट विचारली, बुचं हायेत का नाय?

मी सांगितलं, आठही लावली, पक्की.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, कोणी सांगितलं होतं रे तुला? म्या माझ्या हातानं काढून विहिरीत टाकली होती.

त्यांनी सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहितो. गाडी दक्षिणेत कुठल्या तरी शहरात, तळघरातल्या पार्किंगमध्ये बुडाली. आत दोघं होती, नवराबायको. पाणी वाढलं आणि दारं उघडली नाहीत. पाणी बाहेरून येत नाही, ते गाडीतच आहे. भोकं उघडी असली की येतं तसं निघून जातं, कार्पेट ओलं राहतं, बाकी कोणाला त्रास नाही. त्यांनी आठ महिने तसंच चालवलं. निघायला वाट नसली तर ते चढत जातं. छतापर्यंत पोचेतो चढतं, आणि मग त्याला परत दोघं लागतात. व्यापाऱ्याची मेहुणी आणि साडू थोडक्यात वाचले, म्हणून तर गाडी विकली.

मी विचारलं, शेठना का नाही सांगितलं. ते म्हणाले, सांगून पाहा तूच.

५ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. सगळं, क्रमाने, काही न गाळता. शेठनी शांतपणे ऐकलं, मग विचारलं, जेवण जातं का? झोप लागते का? साखरपुड्याच्या घरात असलं बोलायचं नाही म्हणाले. गाडीची किल्ली काढून घेतली. साखरपुडा झाला की महिनाभर घरी जाऊन ये, पगार चालू राहील. दादांनी खांद्यावर हात ठेवला. सगळे माझ्याशी चांगले वागतात, हेच —

काचेतून पाहिलं. रेघ आरशाच्या खाली दोन बोटं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

भूषणभाऊंना फोन केला. ते हसले नाहीत. पण रॅम्प सोमवारपर्यंत रिकामा नाही. जॅक गाडीखाली जातच नाही, गाडी एवढी खाली. म्हणाले, आतून कार्पेट उचल, बुचं आतूनही निघतील, पण सीलंट तूच दोनदा लावायला लावलंस, जोर लागेल.

किल्ली शेठच्या खोलीत. खिडकी फोडावी म्हणून हातोडी घेतली. सुलाबाईंनी पाहिलं, शेठना सांगितलं. हातोडी गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आरसा बुडाला. वर तीन बोटं राहिली.

पायलताई आल्या होत्या. त्यांच्या पाया पडलो आणि दुसऱ्या गाडीने जा म्हणालो. त्या घाबरल्या. गाडीला नाही, मला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सात. शेठनी स्वतः किल्ली आणून दिली, गाडी शेवटची पुसून ठेव म्हणाले. नऊला निघायचं आहे. दोन तास. स्क्रू ड्रायव्हर आणि कटर बनियनमध्ये लपवले आहेत. दाराला वीट लावली, बंद होऊ नये म्हणून.

सात पंचवीस. चार निघाली. कोटिंगही टोचून फोडलं. भोकातून खालची फरशी दिसते. बोटं फाटली आहेत, चालेल. कार्पेट ओलं, बाकी कोरडं.

सात पन्नास. सात निघाली. आठवं मागच्या बाकाखाली आहे. आत शिरावं लागेल. डायरी सोबत घेतो, नाही तर कोणी —

वीट जागेवर आहे. काचेतून दिसते, बाहेर, फरशीवर.
दार बंद आहे.

मोजतो. घोट्याला. सात भोकांतून जातंय, तरी चढतंय. जास्त येतंय. आठवं काढलं तर —
काच फुटत नाही. कोपराने, स्क्रू ड्रायव्हरने. पाणी थंड. गाळ.
कमरेला.
पेन चालत नाही. पेन्सिल. डायरी छताला टेकवून लिहितो.

आले. दादा आणि ताई. ताईंची पिवळी साडी.
दादांनी दार उघडलं.
पाणी ओतलं नाही. मीही बाहेर पडलो नाही. दार उघडं आहे आणि मला जाता येत नाही.

ओरडलो. दादांचा खांदा धरला. त्यांनी खांदा झटकला, डास बसल्यासारखा.
ताईंनी विचारलं, सोमा कुठंय. दादा म्हणाले, चहाला गेला असेल, पण बघ ना, काय चकचकीत ठेवलीय.

बसू नका
दादा बसू नका

बसले. दारं लावली. दोन्ही.

आठवं हाताला लागतंय. हलतं. बुडी मारून — पुन्हा —
पाणी त्यांच्या मांडीवर. कळत नाही त्यांना. ताई आरशात टिकली नीट करतायत. छातीला. दादा गाणं लावतायत. गळ्याला —

ताईंनी गळ्याला हात लावला
दादांनी दाराची कडी ओढली. पुन्हा ओढली

दादांनी मागे वळून पाहिलं. आता त्यांना मी दिस