तोरणाखालचा दोस्त

प्रिय बद्री,

तुझ्या प्रचाराच्या जीपवर आता 'बद्रीनाथभाऊ' लिहिलेलं असतं. माझ्या तोंडात मात्र बद्रीच बसलंय, राग मानू नकोस. एस्टीच्या पाट्या वाचून शिकलेलं माझं अक्षर, जरा डोळे बारीक करून वाच. सूनबाईचे दिवस भरत आले असतील, तिला जीपमधून हिंडवू नकोस. तुझ्यासाठी तुरीच्या डाळीचा डबा भरून ठेवलाय.

इकडचं सांगते. शनिवारी भरदुपारी आपल्या ढवळ्या बैलाचा मागचा पाय कुणीतरी कुऱ्हाडीनं तोडला. गोठ्यात नुसता रक्ताचा चिखल. बिचारा तीन पायांवर उठायला बघायचा आणि माझ्याच अंगावर कोसळायचा. शेवटी डॉक्टरनं सुई देऊन त्याला मोकळं केलं. कुणाचं काम, हे सगळं गाव जाणतं. भुजंग जन्मठेप भोगून आलाय ना. पारावर बसून सांगतो, "म्हातारीनं माझी जवानी खाल्ली." दारावर दगड तर रोजचेच.

मंग मला चौऱ्याऐंशीचा तो पोळा आठवत राहतो. वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी आपली जायची, तो मान पिढीजात. भुजंगनं त्याची जोडी आडवी घातली. माझे मालक, तुझे काका, हसून म्हणाले, "अरे लेकरा, पुढच्या साली तू जा. आज वाजंत्री खोळंबवू नको." भुजंगचा पहिला घाव खांद्यात बसला, दुसरा मानेत. बैलांच्या शिंगांवरचा हिंगूळ कोणता आणि रक्त कोणतं, कळेना. बैल उधळले, धुरळा उठला, माणसं पळाली. तू भुजंगच्या बाजूनं आल्तास, त्याच्याच गुलालानं माखलेला. पण काकांचं डोकं मांडीवर घेऊन तूच बसलास. गाडी जालन्याच्या रस्त्याला लागली तरी घावात बोटं दाबून धरली होतीस. वाटेतच ते गेले.

कोर्टात गावाचं एक तोंड उघडलं नाही, तिथं काकांना दुसऱ्यांदा मारलं. तू उभा राहिलास. वकिलानं विचारलं, एवढ्या धुरळ्यात ओळखलंस कसं? तू म्हणालास, "साहेब, लहानपणापासून एका ताटात जेवलोय आम्ही. नुसती पाठ दिसली तरी ओळखीन. दोस्त आहे माझा." बोलताना रडत होतास. त्याच शब्दांवर भुजंगला शिक्षा झाली. मंग त्याच्या भावांनी तुझा उजवा हात पहारीनं मोडला, तो अजून वाकडाच आहे.

आता विरोधकांनी त्याच पोळ्याचा जुना फोटो बाहेर काढलाय. तुम्हा दोघांचे गळ्यात गळे, खाली छापलंय, 'खुन्याचा दोस्त'. शुक्रवारी जाफराबादच्या सभेत तू माईकवर म्हणालास, "भुजंगशी माझी कधी ओळखच नव्हती." मी खाली बायांत बसले होते. शेजारच्या बेबीनंदानं हात धरून ठेवला, नाहीतर तिथंच उठले असते.

बद्री, लोकांनी दोस्ताचं पाप तुझ्या माथी मारावं, हे मला बिलकुल पटत नाही. तू कुणाबरोबर बसलास एवढंच बघायचं, तर काकांना मांडीवर घेतलंस ते कुठं मोजायचं? पण ओळखच नव्हती म्हटलंस, की तुझी साक्ष खोटी झाली. शनिवारी सकाळी भुजंग हलगी वाजवत गावभर फिरला. "ओळख न्हाई म्हंतो, मंग मला ओळखलं कुणी?" आणि दुपारी ढवळ्या गेला.

उद्या टेंभुर्णीच्या बाजारात तुझी सभा आहे आणि पलीकडच्या चौकात विरोधकांची. काकांचा फोटो घेऊन त्यांच्या स्टेजवर चला म्हणून ते मला न्यायला येणार आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. तू फक्त माईकवर एवढं म्हण, भुजंग माझा दोस्त होता आणि त्याला मीच ओळखलं. मंग फोटो घेऊन मी तुझ्याच शेजारी येऊन बसते, दगड आले तर दोघांवर येऊ देत. नाही म्हणालास, तर मी पलीकडच्या स्टेजवर चढेन आणि काकांना तिसऱ्यांदा कुणी मारलं ते सांगेन. डाळीचा डबा कसंही झालं तरी तुझाच आहे, घेऊन जा.

तुझीच,
सगुणाकाकू