भट्टीला लागतात दोन माणसं

हेस्टिंग्ज, नेब्रास्का
२१ ऑक्टोबर, सोमवार

तीर्थरूप वर्नाताईस,

लोवेलचा नमस्कार. (पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून पत्र फाडलं असशील तर तुकडे जुळवून वाच, महत्त्वाचं आहे.) तुझा गुडघा आता जिना चढतो का? क्लिफर्डभाऊजींना माझा नमस्कार सांग. आर्लीनला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात, हॅमचं सँडविच हातात धरून तू मला म्हणालीस की एवढं मोठं घर विक आणि आमच्याकडे सलायनाला ये. आणि मी पाद्रीबुवांसमोर म्हणालो की आधी तू तुझा नवरा विक. त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून तू फोन केला नाहीस आणि मीही नाही. भाऊजींनी ते मनाला लावून घेतलं नसेल अशी आशा आहे. तसंही त्यांचे फार पैसे आले नसते.

माझी तब्येत उत्तम. घर उत्तम. काळजीचं काही कारण नाही. पत्र लिहिण्याचं निमित्त एवढंच, की घराला नवी गार-गरम यंत्रणा बसवायची आहे. ऑगस्टमध्ये आमच्या एसीने मान टाकली. तळघरातली घर तापवणारी भट्टीही त्याच्याच वयाची, म्हणून म्हटलं दोन्ही एकदमच बदलू. बाबांचा नियम तुला आठवतोच, कशाचेही तीन भाव घ्यायचे आणि मधला निवडायचा. (स्वतःच्या शवपेटीचेसुद्धा त्यांनी तीन भाव काढून ठेवले होते. मधली पेटी आखूड निघाली, तो भाग वेगळा.)

तर पहिल्या कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईंनी पत्ता घेतला आणि विचारलं, “निर्णय घेणारे दोघंही घरी असतील ना?” या धंद्याची ती रीतच आहे म्हणे. विक्रेत्याने दोन तास घसा कोरडा करायचा आणि यजमानांनी शेवटी ‘बायकोला विचारून कळवतो’ म्हणायचं, हे टाळायला ते नवराबायको दोघांनाही टेबलाशी बसवतात. मी म्हणालो, हो, असू की. एकावन्न वर्षं जिभेला वळण लागलेलं, ते एका फोनने कसं सुटणार? फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आर्लीन आता नाही. पुन्हा फोन करून काय सांगू? म्हटलं, येईल तेव्हा बघू.

तो आला, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून तळघरात उतरला, वर आला आणि विचारलं, मॅडम कुठायत? केस करायला गेल्यात, म्हणालो. मला वाटलं निघून जाईल. तो थांबला! मी त्याला खिमा-राजम्याची चिली वाढली, सोबत सिनॅमन रोल, त्याने दोन खाल्ले आणि आणखी थांबला. पाऊण तासात मी आर्लीनचे केस तीनदा धुतले, कुरळे केले, वाळवले. दुसरा आला तो हीट पंपवाला. त्याचं यंत्र म्हणे बाहेरच्या थंडीतली ऊब ओढून घरात आणतं. (आपल्या जानेवारीतून ऊब! बाबांच्या खिशातून आइस्क्रीमचे पैसे काढण्यासारखंच झालं ते.) त्या दिवशी आर्लीन दाताच्या डॉक्टरकडे होती. तिसऱ्याच्या वेळी मी तिला तुझ्याकडे धाडलं. म्हटलं, माझी बहीण तिला लवकर सोडत नाही. राग मानू नकोस, त्यावेळी तुझंच घर डोळ्यासमोर आलं.

तीन भाव झाले. बाबांच्या नियमाने मधला निवडून मोकळं व्हायला हवं होतं. मी चौथ्याला फोन केला. मग पाचव्याला, मग सहाव्याला. बोलावल्याबद्दल कुणी पैसे घेत नाही, हे एक कारण सांगता येईल. खरं कारण असं, की माणूस तळघरात उतरतो आणि खालून ओरडून विचारतो, “काका, ही हवेची डक्ट कुठे जाते हो?” आणि मी वरून ओरडतो, “न्हाणीघरात!” या घरात कुणी खालून ओरडलं नव्हतं, की मी वरून ओरडलो नव्हतो, दीड वर्ष, ताई. मला दिवसभर बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी फोन करायचो, की बायको नको म्हणते.

सातवा परवा शनिवारी आला. दार उघडलं तर ड्वेन कुबिचेक. मी चालवायचो त्या शाळेच्या बसमध्ये अकरा वर्षं डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचा आणि दर सोमवारी ओकायचा, तोच. आता टक्कल आहे, दोन पोरं आहेत. त्याने बुटांवर पिशव्या चढवल्या, कागद काढला आणि कागदाकडे बघतच कंपनीचा प्रश्न विचारला, की दोघंही आहेत ना. माझी जीभ सरावलेली. म्हणालो, आर्लीन चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेलीय, येईलच.

ड्वेनने पेन खाली ठेवलं. म्हणाला, “मिस्टर ब्रांट, त्या दिवशी त्यांच्या शवपेटीची डावीकडची मागची कडी माझ्या हातात होती.”

मला आठवेना गं. त्या दिवशी पेटी उचलायला सहा माणसं होती एवढं ठाऊक आहे, चेहरे एकाचेही ठाऊक नाहीत. मला वाटलं आता हा हसेल, नाहीतर गावभर सांगेल. तो उठला आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटशी जाऊन उभा राहिला. त्यावर एकाहत्तर अंश फॅरनहाइटपाशी आर्लीनने तांबड्या नेलपॉलिशची खूण केली होती, माझा हात सदुसष्टकडे वळू नये म्हणून. एकावन्न वर्षं ती काटा वर करायची, मी खाली. ड्वेन म्हणाला, “बसमध्ये तुम्ही आम्हाला थंडीने मारलंत, आणि घरात काटा एकाहत्तरवर?” मी म्हणालो, तिचा आहे. आता खाली करायला कुणाची हरकत नाही, पण माझा हातच होत नाही. एवढं बोललो आणि मला रडू आलं. तो सिंकमधल्या कपबश्या विसळत बसला. (बरी विसळतो.)

मग म्हणाला, “कंपनीला दोन माणसं लागतात, आणि तुमच्या बाबतीत मलाही लागतात. एकटे सही कराल आणि उद्या मोडाल. तुमचं कुणी आहे की नाही?” मी म्हणालो, बघतो.

तर असं आहे. बाकी सगळं ठीक. भाऊजींना पुन्हा नमस्कार.

तुझा धाकटा,
लोवेल

ता. क. : वर ‘घर उत्तम’ लिहिलंय ते खोडलं असं समज. नऊ दिवसांपूर्वी गॅसवाला भट्टीला लाल चिठ्ठी लावून नळ बंद करून गेला. आतून तडकली आहे. हे पत्र मी कोट घालून लिहितोय. अक्षर हललंय ते म्हातारपणाने नव्हे. ड्वेनने विजेची शेगडी आणून दिली आहे, एका खोलीला पुरते.

आणखी एक : ड्वेनच्या कागदावर दुसऱ्या माणसाच्या जागी मी तुझं नाव घातलंय. विचारायला हवं होतं. गुरुवार, ३१ तारीख, सकाळी दहा. सलायनाहून तीन तासांचा रस्ता, बुधवारीच निघालीस तर चिली ताजी मिळेल. घर विक म्हणालीस तरी चालेल, यावेळी ऐकून घेईन. भाऊजींबद्दल बोललो ते मी परत घेतो. त्यांनाही आण.

शेवटचं : नवा थर्मोस्टॅट काचेचा आहे, त्यावर नेलपॉलिश राहायचं नाही. जुना तसाच भिंतीवर ठेवतो म्हणाला ड्वेन, नुसता तारा काढून. नव्यावर मी सदुसष्ट लावणार आहे. तुला लहानपणापासून थंडी सोसत नाही. ये, आणि मला ओरड.