मॅग्नोलियाला वारा लागू नये म्हणून

२ डिसेंबर
ऑफिसातल्या लोकांना पार्क कालच्यासारखाच दिसतो. मी इथली माळीण, मला दिसतं, तळ्याच्या कडेला बर्फाची साय धरलीय. गवताचा रंग उतरलाय, फ्रॉक धुऊन धुऊन उतरतो तसा. राडिसावकाका, आमचे मुकादम, म्हणाले, ही मॅग्नोलियाची रोपं हिवाळ्यातून जगवून काढ, नोकरी पक्की. नाही निघाली तर? नवरा जर्मनीत, खोलीचं भाडं माझ्यावर. मग लेकीला, दुन्याला, घेऊन गावी, सासूबाईंच्या चुलीपाशी. ते नको. काढणारच.

५ डिसेंबर
रोपांना पांढरं कापड गुंडाळलं. काका म्हणाले, एकच पदर, झाडाला श्वास लागतो. काकांना काय. आमच्या बेलग्रेडात दोन इमारतींच्या मधून आरपार वारा येतो. त्या वाऱ्यानं माणूस मरतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कापडाच्या आतून प्लॅस्टिक बांधलं. घाबरले नाहीये. काळजी घेतेय.

१२ डिसेंबर
दमले. दुन्या पाळणाघरात घामाघूम झाली. तिथली बाई म्हणाली, अगं, हे पोर आहे की कोबी? सोलता सोलता हात दुखले माझे! तिला स्वतःचं मूल नाही, ती बोलणारच. पण ठरवलं, उद्यापासून दोनच बनियन.

१३ डिसेंबर
चार घातले. वारा होता.

७ जानेवारी, आमचा ऑर्थोडॉक्स नाताळ
तरी ड्यूटी. ऊन पडलं. काळा पक्षी अजून गात नाही, पण बसायची जागा बदललीय त्यानं, उन्हाच्या भिंतीवर बसतो. प्लॅस्टिकच्या आत हात घातला. उबदार, ओलं. कळ्या फुगल्यात! समोरच्या इमारतीपुढच्या मॅग्नोलियाच्या कळ्या अजून केसाळ मुठी मिटून बसल्यात. काकांना सांगितलं नाही. वसंतात एकदमच दाखवीन.

२१ जानेवारी
थंडी फार. झोप नाही. कळ्यांना जरा वास येतोय. मातीचा असणार. अजून एक प्लॅस्टिक चढवलं.

९ फेब्रुवारी
काकांनी कापड सोडलं. आतून प्लॅस्टिक निघालं. त्याच्या आतून दुसरं. कळ्या काळ्या, लिबलिबीत, बोटाला चिकटल्या. काका म्हणाले, थंडी एकटीनं मारायला कमी पडत होती, म्हणून तू मदतीला गेलीस का पोरी? मी म्हटलं, काका, वारा... ते म्हणाले, वारा असता तर जगली असती. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते कामाचे हातमोजे परत मागून घेतले.
तशीही ती जागा मॅग्नोलियाची नाहीच.

१० फेब्रुवारी
सासूबाईंना फोन केला. म्हटलं, आई, चार दिवस येऊ म्हणते. दुन्याला शहराची हवा मानवत नाही.
त्या म्हणाल्या, ये गं. येताना सगळंच सामान घेऊन ये.