वजनकाट्यावरचा गिअरबॉक्स

मु. तामलवाडी, मे १९८६

ती. आण्णासाहेब दाजींना आबारावाचा सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या ईट गावी आमच्यापेक्षा पाणी बरं आहे असं ऐकतो, खरं असेल तर आनंद आहे. ताई इथं माहेरी खुशाल आहे आणि तुमची आठवण काढते (रोज नाही, पण काढते).

पत्रास कारण आमच्या दूध सोसायटीची जीप. म्हशी आटल्यापासून दुधाच्या कॅनमधून आम्ही डोंगरावरच्या वस्तीला पाणी नेतो, कारण तिथली विहीर फाल्गुनातच कोरडी पडली. जीपचं जुनं पेट्रोल इंजिन त्या चढणीला कायमचं दमलं, म्हणून मी सेक्रेटरी या नात्यानं सोलापूरच्या शिवप्पा मिस्त्रीकडून एका छोट्या ट्रकचं डिझेल इंजिन तिच्यात बसवून घेतलं. ते इतकं जोरदार निघालं की पहिल्याच चढाला जीपच्या गिअरबॉक्सचे दात पडले. जीप कॅनांसकट मागच्या मागं खाली आली आणि चेअरमनच्या कडब्याच्या गंजीत थांबली (चेअरमन अजून माझ्याशी बोलत नाहीत). तेव्हापासून वस्तीवरच्या बाया डोंगर उतरून पाण्याला येतात. आईच्या वयाची विठाबाई मला रस्त्यात बघितलं की घागर खाली ठेवून नुसती उभी राहते. मला फार लाज वाटते, दाजी.

तेव्हा आता मजबूत गिअरबॉक्स हवा. मजबूत म्हणजे काय, हे मला काल कळलं होतं, आज परत कळेनासं झालं आहे. शिवप्पानं भंगार बाजारातून दोन आणले, एक मोटारीचा आणि एक मोठ्या लॉरीचा. सहकारात एकट्यानं काही ठरवायचं नसतं, म्हणून मी संचालकांची बैठक बोलावली. त्यांनी दोन्ही गिअरबॉक्स चाऱ्याच्या वजनकाट्यावर चढवले आणि जड तोच मजबूत, असा ठराव हात वर करून मंजूर केला. शिवप्पा म्हणाला, "वजनात काय न्हाय हो, दातात हाय. इंजिनचा पीळ सोसला पायजे." पीळ दाखवायला त्यानं माझंच धोतर मागितलं. ते ओलं असतं तर कदाचित कळलं असतं, पण त्याला पाणी कुठलं? दोघांनी दोन टोकांनी कोरडंच पिळलं. संचालकांना काही समजलं नाही, धोतर मात्र फाटलं. मग ठरावाप्रमाणं लॉरीचा गिअरबॉक्स बसवायला गेलो, तर तो ड्रायव्हरच्या सीटपर्यंत आला. सीट काढली तर जीप चालवायची कुणी? मोटारीचा नीट बसतो, पण शिवप्पाच्या मते तो पायथ्यालाच दात टाकेल. एक संचालक म्हणाले, दोन्ही बसवा. मला ते क्षणभर पटलंसुद्धा. आता जेवताना हातात भाकरी घेतली तरी ती जड आहे की मजबूत, असा विचार मनात येतो, आणि सौ. कमल माझ्याकडे काळजीनं बघते.

बाकी सर्व ठीक. ताईची चिंता नसावी.

आपला,
आबाराव

ता.क. इंजिन ज्या जातीच्या ट्रकचं, त्याच ट्रकचा गिअरबॉक्स त्याला जुळेल आणि पीळही सोसेल, असं शिवप्पा आज म्हणाला (हे त्यानं बैठकीत का सांगितलं नाही, विचारू नका). तसा ट्रक पंचक्रोशीत एकच आहे. उसाचा हंगाम लवकर आटोपला म्हणून तुम्ही आमच्या आवारात सावलीला लावून गेलात, तो. पाऊस पडेपर्यंत त्याचा गिअरबॉक्स द्याल का? तुमच्या होकाराशिवाय एका बोल्टालाही हात लागणार नाही, हा माझा शब्द.

आणखी ता.क. पत्र टाकायला निघालो, तर शिवप्पा तुमच्या ट्रकखाली आडवा झालेला. केबिन उघडून पाने ताईनंच काढून दिले होते. दाजींना काय सांगू, असं विचारलं, तर म्हणाली, "त्यांचं उत्तर येईस्तवर वस्तीनं काय प्यायचं? तू पत्र टाक की, याला खोलू दे." या गडबडीत पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. आज दुपारी जीप वर पोचली. तुमच्या ट्रकचा गिअरबॉक्स बसवल्यापासून तिची पुढची चाकं ओढत नाहीत, मागचीच ओढतात, पण ओढतात. वस्तीवरची सगळी भांडी भरली. पुढच्या सीटवर ताई बसली होती. तेव्हा वरच्या विनंतीला नकार द्यायचा असेल, तर तो कृपया ताईच्या नावानं पाठवावा, आणि तिला न्यायला एस.टी.नं यावं.