तिसरी लेव्हल

४ जून

बाबांनी आज पुन्हा तिसरी लेव्हल पार केली. डाव्या हाताने! उजवा लकव्यानंतर मांडीवर नुसता पडलेला असतो. तोच जुना विमानांचा गेम, पण माझ्या लॅपटॉपवर, मी लिहिलेल्या एम्युलेटरवर. माझ्या लहानपणच्या गेम कन्सोलची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. वर मलाच टोमणा — "तुला लहानपणी कधी जमलं नाही ना? बोटांत जीवच नव्हता तुझ्या!"

नव्हतंच जमलं. शेजारची पिटुकली तिच्या घरी सहज पार करायची. मी तीन वर्षं हरले आणि बाबा दारात उभे राहून हसायचे.

५ जून

कारण सापडलं! विमानांची गर्दी झाली की माझ्या एम्युलेटरमध्ये प्रोसेसर मागे पडतो. ग्राफिक्स चिप चित्र काढायला तयार, पण याचा हिशेबच उरकत नाही. खेळ रेंगाळतो आणि नेमके तेव्हाच बाबा निसटतात. माझ्या कन्सोलवर असं कधीच झालं नव्हतं. म्हणजे माझं टायमिंग चुकलंय. बाबा फुकटचे जिंकताहेत.

८ जून

माळ्यावरून कन्सोल काढला होता. अजून चालतो. तीन दिवस मापं घेऊन आकडे जुळवले. आता गर्दीतही खेळ रेंगाळत नाही.

९ जून

बाबा अकरा वेळा मेले. मी मोजलं. दारात उभी राहून.

१२ जून

आई म्हणाली, "पूर्वीसारखं कर ना गं. तेवढाच तर विरंगुळा आहे त्यांना." म्हटलं, अचूक म्हणजे अचूक. रेडिओचा एक स्क्रू हरवला म्हणून माझ्या कानाखाली कोणी काढली होती?

खरं सांगायचं तर मजा येतेय. लाज वाटते, पण येतेय.

१५ जून

नवं टायमिंग एम्युलेटरवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथल्या 'चश्मिस' नावाच्या मेंबरचा मेसेज — "चार कन्सोलवर तपासलं. सगळे गर्दीत रेंगाळतात. तुझं जुनंच बरोबर होतं. तुझ्या मशीनमध्ये कोणीतरी काहीतरी केलंय."

काहीतरीच!

१६ जून

झाकण उघडलं. प्रोसेसरला ठोके देणारा क्रिस्टल बदललेला. जास्त वेगाचा, म्हणून माझा खेळ गर्दीतही रेंगाळत नसे. ग्राफिक्स चिपचा मात्र मूळचाच, म्हणून टीव्हीवरचं चित्र कधी बिघडलं नाही. सोल्डरवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. बाबा टीव्ही दुरुस्त करायचे तेव्हा आपल्या हातच्या प्रत्येक कामावर असा ठिपका ठेवायचे.

विचारलं. हल्ली जीभ जड झालीय त्यांची, पण हे स्वच्छ बोलले — "सारखी हरलीस की कंटाळून अभ्यासाला बसशील, म्हणून. बसलीस ना?"

हसलेसुद्धा! तीन वर्षं हरले की मी माझीच बोटं चावायचे. रक्त येईपर्यंत. तेव्हाही ते हसतच होते.

१७ जून

ग्रुपसाठी टायमिंग पूर्ववत केलं. घरच्या लॅपटॉपवर नाही.

बाबा तिसऱ्या लेव्हलला पुन्हा मेले. बराच वेळ डाव्या हाताकडे बघत बसले. मग हळूच विचारलं, "तू काही बदललंस का गं?"

"छे," म्हटलं. "बोटांत जीव नाही तुमच्या."