दुसरं काही औषध चालू आहे का?

मोशी,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. अपेक्षा,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुमच्याकडे सगळे बरे असतील, लग्नाची धांदल चालू असेल. इकडे तुझे दाजी आणि प्राजक्ता ठीक आहेत. प्राजक्ताची नववीची सहामाही झाली, गणितात कमी पडलेत, बाकी बरं आहे.

आपला सुजित उद्या गावी निघालाय. त्याच्या हाती हे पाकीट देते आहे. चुलतभाऊ असला तरी त्याला यातलं काही माहीत नाही, त्याला विचारू नकोस. पाकीट तुझ्याच हातात द्यायचं असं त्याला बजावलंय. एकटी असशील तेव्हाच उघड.

फोन असताना चिठ्ठी कशाला, असं वाटेल तुला. फोन केला की आई स्पीकर लावते, मागे मामी असतात, कोणी ना कोणी आलेलं असतं. आणि मोबाईलच्या उजेडाकडे फार वेळ बघू नका असं मला डॉक्टरांनी सांगितलंय, त्यामुळे मोठा मेसेजही लिहिता येत नाही. वहीवर लिहिलेलं चालतं.

तुझी हळदीची साडी दाजींनी सुजितकडे पोचती केली आहे. फॉल पिको करून घेतलाय. ब्लाउज दंडात जरा घट्ट वाटला तर आत शिलाई ठेवली आहे, उसवता येईल. गणराजरावांसाठी दाजींनी शर्टाचं कापड घेतलंय, रंग त्यांना आवडेल का माहीत नाही.

माझ्या पायाचं विचारशील. बरा आहे.

परवा फोन ठेवता ठेवता तू हळूच म्हणालीस, “ताई, येताना तुझ्या त्या गोळ्यांची दोन पाकिटं आण. हळदीच्या दिवशी डोकं उठलं तर पंचाईत व्हायची.” मी ‘बघते’ म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला चैन नाही.

अपेक्षा, त्या गोळ्या घेऊ नकोस. मी मागे पाठवलेल्यातल्या उरल्या असतील तर हे वाचून झाल्याबरोबर फेकून दे. डबीत ठेवून देऊ नकोस, फेकूनच दे.

एवढंच लिहून थांबणार होते. पण तू ऐकायची नाहीस, मला माहीत आहे. ताई स्वतः इतकी वर्षं घेते, तिला काही होत नाही, असंच म्हणशील. म्हणून सगळं लिहावं लागणार.

(जेवणं झाली. प्राजक्ता क्लासला गेली, आता बसते.)

तुला माझं काम माहीत आहे का नीट? चाकणच्या कंपनीत गाड्यांचे दिवे बनतात एवढंच मी सांगितलं होतं. पुढचे मोठे दिवे. आधी मी जोडणीला होते. दोन वर्षांपूर्वी मला तपासणीवर घेतलं. काळ्या पडद्याचं एक खोकं असतं, त्यात दिवा बसवायचा, पेटवायचा आणि समोरच्या पांढऱ्या पाटीवर उजेड नीट पडतो का, काचेत धूळ, डाग, चरा आहे का ते बघायचं. मग पुढचा दिवा. शिफ्टभर तेच. अंधार, भपकन उजेड, अंधार, उजेड.

अर्धशिशी मला दहावीपासूनच होती. तुला झाली तशीच, आईला होती तशीच. महिन्याला एखादा दिवस जायचा. तपासणीवर गेल्यापासून आठवड्याला उठायला लागली. आधी डोळ्यांसमोर करवतीच्या दातांसारखी रेघ चमकायची, मग डाव्या कानशिलात ठणका, मग उलटी. एकदा बाथरूममध्ये जाऊन पडले तर लाइन थांबली. आमच्या लाइन लीडर विजयश्री मॅडम ओरडल्या नाहीत, पण म्हणाल्या, “दीपमाला, तुझ्या जागेवर उभी राहायला गेटबाहेर पोरी थांबल्यात. मी किती दिवस सांभाळू?” खोटं नव्हतं ते. मी ठेकेदाराकडची माणूस, कंपनीची नाही.

तेव्हा एका डॉक्टरांनी ही गोळी दिली होती. फार दुखलं तरच घ्या, आठवड्यात एकदा, असं बजावलं होतं त्यांनी. घेतली आणि अर्ध्या तासात डोकं उतरलं. मला देवच भेटल्यासारखं झालं. पुढे मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवलं की तो नवं द्यायचा. आठवड्याची एक झाली, मग दोन दिवसांआड एक, मग रोज. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी एक, जेवणाच्या सुट्टीत एक. नाही घेतली तर उठतानाच डोकं धरलेलं असायचं. तुला वाटतं ना, ताईला काही होत नाही? ताईचं डोकं रोज दुखत होतं, अपेक्षा. फक्त दिसत नव्हतं.

दाजींना मी पहिल्या वर्षी सांगितलं होतं. ते म्हणाले, “कामाला जाणाऱ्या सगळ्यांचंच डोकं दुखतं.” वाईट मनाने नाही म्हणाले. ते गोडाऊनमध्ये दिवसभर फोर्कलिफ्ट चालवतात, त्यांचंही दुखत असेल. पण त्यानंतर मी पुन्हा सांगितलं नाही. गोळ्या पिशवीत, सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवायचे.

नवरात्रात मला ताप आला, घसा धरला. दाजी गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, लिहायला घेतलं आणि विचारलं, “दुसरं काही औषध चालू आहे का?” दाजी शेजारीच बसले होते. मी म्हणाले, “नाही.”

एवढंच केलं मी. एक शब्द बोलले. डॉक्टरांची यात काही चूक नाही, त्यांनी विचारलं होतं.

घशासाठी जी गोळी दिली तिचं आणि माझ्या गोळीचं वैर होतं. डोक्याची गोळी रक्ताच्या नळ्या आवळते. डोक्यातल्या आवळते तशी हातापायांतल्याही आवळते. एरवी ती हळूहळू अंगातून निघून जाते. घशाच्या औषधाने तिचं बाहेर पडणंच बंद झालं. मी रोज दोन घेत होते, आणि ती आत साठत गेली.

तिसऱ्या दिवशी लाइनवर पाय गार पडले. एसीमुळे असेल म्हटलं. बसमधून उतरताना डावा पाय जमिनीवर टेकलाय हेच कळेना. घरी आल्यावर मोजा काढला तर बोटं पांढरीफटक, नखांखाली निळसर. प्राजक्ता म्हणाली, “मम्मी, तुझा पाय मेलेल्या माणसासारखा दिसतोय.” मी तिला रागावले. दाजींनी तेल कोमट करून चोळलं, गरम पाण्यात पाय ठेवला. पाणी इतकं कढत होतं की चामडी लाल झाली, आणि मला काही कळत नव्हतं. आणि अपेक्षा, तेवढ्यातही डोकं ठणकत होतं म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन अजून एक गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. घोट्याजवळ नाडी लागत नव्हती. तिथेही विचारलं, काही औषध घेता का. मी परत नाही म्हणाले. तपकीर, तंबाखू? नाही. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, आपल्या बीडकडच्याच, बोलण्यावरून कळलं. त्यांनी दाजींना केसपेपर आणायला खाली पाठवलं, पडदा ओढला आणि म्हणाल्या, “आता सांगा. कुणाला न सांगता काय घेता?”

मी सांगितलं. रोज दोन, कधी तीन. त्या खाटेवर माझ्याजवळ बसल्याच.

मग धावपळ झाली. नळ्या उघडायचं औषध सलाईनमधून, रक्त पातळ करायचं इंजेक्शन. उजवा पाय दोन दिवसांत गरम झाला. डावा नाही झाला.

तुम्हाला सांगितलं ना, ताई बाथरूममध्ये घसरली, प्लास्टर आहे, म्हणून भाऊबीजेला येत नाही. प्लास्टर नाहीये, अपेक्षा. गुडघ्याच्या खालून पाय काढलाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

इथे थोडा वेळ थांबले होते. तूही थांब. पाणी पी.

दाजींना कळलं तेव्हा ते वॉर्डाच्या दारात उभे होते. म्हणाले, “मला का नाही सांगितलंस?” मग एकदम मान खाली घातली. मी त्यांना सांगितलं होतं हे त्यांना आठवलं असावं. तेव्हापासून घरातलं सगळं तेच करतात, भांडीसुद्धा. पण माझ्याकडे बघून बोलत नाहीत. जखम धुताना मात्र हात अगदी हलका असतो.

गोळी बंद झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस डोकं असं दुखलं की पायाचं दुखणं त्यापुढे काही नव्हतं. मी त्या डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायचे, एक द्या, अर्धी द्या. त्या म्हणाल्या, “ती गोळीच आता तुमचं डोकं दुखवत होती. तिचा अंमल उतरला की डोकं उठायचं, आणि तुम्ही परत तीच घ्यायचात. हे चाक थांबवावंच लागेल.” अशी सवय लागते म्हणे. आणि ही एकच गोळी नाही, डोकेदुखीची कुठलीही गोळी वरचेवर घेतली की तीच दुखणं वाढवते. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त घ्यावी लागली तर डॉक्टरकडे जायचं, मेडिकलमध्ये नाही.

नंतर त्यांनी मला नीट समजावलं. अर्धशिशी म्हणजे पित्त नाही, नजर नाही, बाईचं नाटकही नाही. मेंदूच्या नसांचा आजार आहे, घराण्यात चालत येतो. काही मेंदू उजेडाला, उपाशी राहण्याला, जागरणाला, पाळीला फार लवकर भडकतात. आपले तसे आहेत. बरा होत नाही, पण आवरता येतो. रोज झोपताना घ्यायची एक साधी गोळी असते, दुखणं येऊच नये म्हणून. ती त्यांनी मला चालू केली आहे. जेवणाची, झोपेची वेळ पाळायला सांगितली. एवढंच. एवढंच करायचं होतं, अपेक्षा. हे दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर.

ती वाईट गोळी कशाची होते विचारलं, तर म्हणाल्या, परदेशातल्या एका धान्यावर बुरशी येते तिची. आपल्याकडे बाजरीवर चिकटा पडून अरगट येतो ना, त्याच जातीची. तो येऊ नये म्हणून आई पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगलेलं काढून टाकते. गुराच्या तोंडालाही लागू देत नाही. ते ऐकून मला हसू आलं आणि मग आवरेना.

गेल्या आठवड्यात विजयश्री मॅडम घरी आल्या होत्या. फळं आणली, बराच वेळ प्राजक्ताच्या शाळेबद्दलच बोलत राहिल्या. जाताना पर्स उघडून त्यांनी एक पाकीट माझ्या हातात दिलं. तीच गोळी, चार उरलेल्या. म्हणाल्या, “मला वाटायचं लाइनवर मीच एकटी घेते.” माझ्या जागी दुसरी मुलगी उभी केली आहे, तेही त्यांनी सांगितलं. नाव विचारायचं धाडस झालं नाही.

आता तुझं. आईने तुला बजावलंय ना, मुलाकडच्यांना डोक्याचं कळू देऊ नकोस. डोक्याचं म्हटलं की लोक भलतंच समजतात, हे तिचं खरं आहे. पण तू गणराजरावांना सांग. लग्नाआधी सांग. त्यांनी हात झटकले तर आत्ताच कळेल. नाही सांगितलंस तर त्या घरात तूही गोळ्या लपवशील, आणि एखाद्या दिवशी कोणी डॉक्टर विचारेल आणि शेजारी ते बसलेले असतील.

उद्या-परवाच नगरला जाऊन मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. जे काही घेतेस ते सगळं सांग, आयुर्वेदिकही. हातापायाला मुंग्या येत असतील, बोटं गार पडत असतील तर उद्याचीही वाट बघू नकोस.

लग्नाला मी येत नाही. जखम एका कोपऱ्यात वाळत नाहीये, पाणी येतं. गुरुवारी दाखवायचंय. अजून थोडा वरून काढावा लागेल का, ते तेव्हा कळेल. डॉक्टर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत.

आईला लग्नानंतर सांग असं लिहिणार होते. मघाशी लिहून खोडलंही. तिला आजच सांग. मांडवात ती प्रत्येकाला म्हणत फिरेल, माझ्या मालाचा पाय प्लास्टरमध्ये आहे, आणि मागून खरं कळलं तर स्वतःला माफ करणार नाही. तू तिच्याजवळ बसून सांग, फोनवर मला जमणार नाही. ती रडेल, मग अर्धशिशी उठेल तिची. खिडकी बंद कर, डोक्याला ओढणी घट्ट बांध, आणि उपाशी झोपू देऊ नकोस.

तुझ्यावर अक्षता टाकायला हात शिवशिवतायत. इथूनच टाकीन.

डोकं म्हणशील तर बरेच दिवस झाले, एकदाही दुखलेलं नाही. सकाळी जाग येते आणि काहीच दुखत नाही, तेव्हा मी तशीच पडून राहते. उठायला जीव होत नाही.

तुझी,
मालाताई